फरशी घालण्याआधी

पत्र:
नमस्कार. सांगलीत आमचं बैठं घर आहे. पुढे पश्चिमेला वीस बाय बारा फुटांचं अंगण, कोपऱ्यात एक शेवगा. मागे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन फुटांची बोळ. तिथे ऊन नाहीच, फक्त टोकाला मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथे दुपारपर्यंत असतं. माती काळी, त्यावर २०१९ च्या महापुराचा गाळ. दरवर्षी दिवाळीनंतर पिटुनिया, डायंथस, शेवंतीची रोपं आणते. होळीपर्यंत मजा असते, मग सगळं वाळतं. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतील अशी रंगीत पानांची झाडं लावायचं ठरवलं. मार्चमध्ये नर्सरीतून सहा क्रोटन आणून पुढच्या अंगणात जमिनीत लावले, एकेक बघत राहावा असा. दीड महिन्यात पानं गळून सहा काठ्या उरल्या. ‘हे’ म्हणतात, पावसाळ्याआधी सगळं सपाट करून फरशी घालू, कटकट मिटेल. फरशीवाला मापं घेऊनही गेलाय. काय करू?
— फरशीला घाबरलेली

ताई,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. बाहेर जा आणि त्या सहा काठ्यांपैकी एकीची साल, मातीपासून वीतभर वर, नखाने जराशी खरवडा. आतून हिरवी, ओलसर निघाली तर काठी जिवंत आहे. तपकिरी, कोरडी निघाली तर आणखी खाली, अगदी मातीलगत खरवडून बघा. तिथेही कोरडीच असेल तरच ती गेली म्हणायची. माझा अंदाज आहे, निम्म्या तरी हिरव्या निघतील. क्रोटनला जागा बदललेली खपत नाही. रुसतो, पानं टाकतो, पण मुळं शाबूत असली तर पुन्हा फुटतो. (नख लावाल तिथून चीक येईल. तो साडीला लागू देऊ नका, डाग जाता जात नाही. हातही धुवा, काहींना खाज सुटते.)

म्हणजे फरशीवाल्याला निदान पंधरा दिवस थांबवा.

आता ते क्रोटन असे का झाले ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली होते. दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा, आजूबाजूला झाडांची गर्दी, हवा दमट. तिथून उचलून तुम्ही त्यांना मार्चमध्ये पश्चिमेच्या उन्हात लावलंत, मागे तापलेली भिंत आणि खाली काळी माती. एसीच्या खोलीतून उठवून एखाद्याला भर दुपारी एसटी स्टँडवर छत्रीशिवाय उभं केलं, तर तो तरी किती वेळ तग धरेल? चूक झाडाची नव्हती आणि तुमच्या हाताचीही नव्हती. महिना चुकला आणि जागा चुकली.

मीही नर्सरीत जाऊन रंग बघून झाड उचलणारीच होते. पाच-पन्नास झाडं मारल्यावर एवढं कळलं की रंगीत पानाच्या बाबतीत रंग नंतर बघायचा, आधी आपल्याकडचं ऊन बघायचं. पानातला लाल-जांभळा रंग बहुतेक झाडांत उन्हात चढतो. तेच झाड सावलीत ठेवलं की मळकट हिरवं होतं, आणि आपण नर्सरीवाल्याने फसवलं म्हणतो. उलट ज्या पानावर पांढरे किंवा मलईच्या रंगाचे पट्टे असतात, त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग स्वतःचं अन्न करत नाही आणि कडक उन्हात आधी तोच करपतो. असं झाड वाढायलाही सावकाश. म्हणून ढोबळ हिशेब असा धरा: लाल-जांभळं उन्हाला, पांढरं-मलई सावलीला. अपवाद आहेतच. तुमच्या क्रोटनमधला पिवळा भरपूर उजेडाशिवाय खुलत नाही. पण मे महिन्यातल्या सांगलीच्या चाळीस अंशांतलं तीन वाजताचं ऊन आणि ‘भरपूर उजेड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर तुमचं पुढचं अंगण. कंपाउंडला लागून बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा एकच वाफा करा. अडीच फुटांपेक्षा जास्त रुंदी नको, कारण एका बाजूला बसून तुमचा हात भिंतीपर्यंत पोचला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्या माणसाने वाफ्यात पाय टाकायची वेळच येऊ देऊ नये. आणि हा वाफा जमिनीपासून आठ-नऊ इंच उंच करा. काळ्या मातीत लोक खड्डा खणतात, त्यात छान भुसभुशीत माती भरतात आणि झाड लावतात. पहिल्या मोठ्या पावसात त्या खड्ड्याची विहीर होते, कारण चहूबाजूंची काळी माती पाणी पुढे सोडत नाही. मुळं आत कुजतात. तुमच्याकडे वर पुराचा गाळ बसलाय म्हणता, तो चोपून आणखी घट्ट झालेला असणार. तेव्हा खाली खणत बसण्यापेक्षा वर चढा. काळी माती, तांबडी माती किंवा बारीक मुरूम, आणि चांगलं कुजलेलं शेणखत, तिन्ही सारखं मिसळून भरा. कडेला विटा लावा. कड दोन विटांची रुंद ठेवली तर तिच्यावर टेकून काम करता येतं. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, गुडघ्यासकट.

त्या वाफ्यात मागच्या रांगेला अकॅलिफा लावा, तांब्याच्या रंगाचा. तीन-तीन फुटांवर चार झाडं पुरतात. हे झाड उन्हाला बधत नाही, उलट ऊन जास्त तितका तांब्यावर घासूनपुसून लख्ख केल्यासारखा रंग येतो. सोडलं तर माणसाच्या उंचीचं होतं, म्हणून वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दसऱ्याच्या सुमाराला, कमरेएवढं छाटायचं. मोठी कात्री घ्या, उभ्याने होतं.

पुढच्या कडेला पर्पल हार्ट. नर्सरीतल्या जुन्या माळ्याला सेटक्रेसिया म्हटलं तरी कळतं. हे विकत आणू नका. तुमच्या गल्लीत कुणाच्या तरी कंपाउंडवरून जांभळ्या मांसल पानांचं, खाली लोंबणारं काहीतरी दिसेल, त्यावर सकाळी तीन पाकळ्यांचं इवलंसं गुलाबी फूल असतं. त्या घरी चहाला जा आणि येताना सोळा कांड्या मागून आणा. बोटाएवढी कांडी, खालचं पान काढून, दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची. वीतवीत अंतरावर बारा फुटांना सोळा बसतात. पावसात लावलेली कांडी सहसा वाया जात नाही. हे मूळचं मेक्सिकोचं. पाण्याची ओढाताण त्याला नवी नाही, खोडात आणि पानात साठवून ठेवतं. दिवाळीपर्यंत कड भरून जाईल. लांबून-लांबून खालून उघडं पडायला लागलं की सरळ चार बोटं ठेवून कापायचं आणि कापलेले शेंडे रिकाम्या जागी खोचायचे. याच्या रसानेही काहींच्या हाताला चुरचुरतं, तेवढं सांभाळा.

बस. पुढच्या वाफ्यात दोनच जाती. मला माहीत आहे, तुमचं मन सहा जातींची यादी करतंय. पैठणी आठवा. अंगभर एक रंग, काठाला दुसरा, आणि सगळे रंग एकत्र येतात ते पदरावर. अंगावरच मोर, मुनिया, नारळी सगळं विणलं असतं तर कुणी नेसलं असतं का? बागेतही एकेका रंगाचं एकेक झाड लावलं की नर्सरीचा स्टॉल होतो.

तुमचा पदर म्हणजे ते क्रोटन. त्यांची जागा शेवग्याच्या पूर्वेला, म्हणजे शेवगा आणि घर यांच्यामध्ये. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतं, तेव्हा शेवग्याची सावली बरोबर त्यांच्यावर पडेल. शेवग्यासारखी सावली दुसऱ्या झाडाची नाही, चाळणीतून पीठ चाळल्यासारखं ऊन खाली येतं. पावसाळ्यात त्याच्या खोडावर सुरवंटांचे थवे बसतात, तेवढे दिवस खाली हात घालताना बघून घाला. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, आभाळ भरलेलं राहायला लागलं, की संध्याकाळच्या वेळी काठ्या मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचलून तिथे न्या. वर हिरवं जिथे संपतं तिथून वरचं छाटून टाका. तिथेही माती थोडी उंच करून घ्या. चार-सहा आठवड्यांत डोळे फुटायला हवेत. पहिली पानं साधी हिरवी-पिवळी येतील. घाबरू नका, क्रोटनचं कोवळं पान तसंच असतं, लाल रंग जून झाल्यावर चढतो.

आता मागची बोळ. बायका बोळीत मोडक्या बादल्या ठेवतात, पण रंगीत पानांसाठी ती पुढच्या अंगणापेक्षा चांगली जागा आहे. पश्चिमेचं ऊन नाही, वारा नाही, ओल टिकते. तिथे भिंतीलगत पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट लावा. एकच कुंडी आणली तरी दोन वर्षांत गड्डा होतो. मग तो गड्डाच फोडून वाढवायचा. हे मुद्दाम सांगते, कारण मी त्यात फसलेय. कुणीतरी मला सांगितलं की पानाचे चार-चार बोटांचे तुकडे करून वाळूत उभे केले की प्रत्येकाला पिल्लू फुटतं. मी एका देखण्या पानाचे सात तुकडे केले. तीन महिने वाट पाहिली. पिल्लं फुटली, सातही, आणि सातही हिरवी. पिवळ्या काठाचा मागमूस नाही. तो काठ पानाच्या तुकड्यातून पुढे येतच नाही, जमिनीतून येणाऱ्या फुटव्यातूनच येतो. ती सात हिरवी भावंडं अजून माझ्या जिन्याखाली आहेत, मरतही नाहीत.

त्याच्या पुढे रंगीत अळू, नर्सरीत कॅलेडियम म्हणतात. पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा, किंवा गुलाबी पानाला हिरवी किनार. काळोख्या बोळीत पांढऱ्या पानांचं लावलंत तर संध्याकाळी दिवा लावल्यासारखं दिसतं. मृगात कंद लावायचे, दोन इंच खोल. आणि मग थंडी सुरू झाली की ते माना टाकतात, पानं पिवळी पडून जमीनदोस्त होतात. इथे लोक ‘मेलं’ म्हणून कुंडी ओततात. ते झोपलेलं असतं. पाणी बंद करा, कंद मातीतच राहू द्या, जागेवर एखादा खडा ठेवून खूण करा, पुढच्या पावसाआधी आपोआप कोंब दिसतील. घरात कामाला येणाऱ्या बाईला मात्र बजावून ठेवा की हे भाजीचं अळू नाही. आपल्या अळूची खाज आपण चिंच घालून मारतो, ह्याच्या वाटेला चिंच घेऊनही जायचं नाही. नातवंडं पानं चघळायच्या वयाची असतील तर अळू लावूच नका, स्नेक प्लांटही जरा उंचावर ठेवा.

टोकाला मोरीचं पाणी येतं तिथे काय लावायचं, हे तुमच्या आजीला विचारलं असतंत तर तिने क्षणात सांगितलं असतं: कर्दळ. जुन्या घरांतून मोरीच्या तोंडाशी कर्दळ नाहीतर अळू असायचंच. पाय ओले राहिले तर कर्दळीला आनंदच होतो, काळी चिकट मातीही तिला चालते. सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांमध्येसुद्धा आजकाल ती मुद्दाम लावतात. हिरव्या पानावर पिवळ्या रेघा असलेली किंवा जांभळ्या पानांची कर्दळ मागून आणा. सकाळचं ऊन पाठीमागून आलं की त्या रेघा कंदिलाच्या काचेसारख्या उजळतात. फूल येऊन गेलेला दांडा बुडातून कापायचा, एवढंच तिचं मागणं. पण तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी जाऊ द्या, वॉशिंग मशीनचं साबणाचं पाणी दुसरीकडे वळवा. तुमच्या भागातल्या जमिनींना क्षार आधीच पुरेसे आहेत. उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापुद्री दिसते का बघा. दिसत असेल तर बोअरचं पाणी बागेला कमीत कमी द्या.

आणखी एक गोष्ट, सांगलीकर म्हणून तुम्हाला लगेच कळेल. पावसाळ्यात कधी नवीन पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं, तर ‘वा, नवा रंग आला’ म्हणून खूश होऊ नका. उसाला केवडा पडतो ना, तेच ते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (म्हणजे फेरस सल्फेट) विरघळवून पानांवर फवारायची, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर तिचे थेंब पडले तर गंजाचे डाग पडतात. (हे वाक्य ‘ह्यां’ना वाचून दाखवू नका.)

काय लावू नये, यात एकाच नावावर मी अडून बसते: पिवळा डुरांटा. सगळ्या सोसायट्यांच्या दारात असतो, स्वस्त मिळतो, आणि ‘काही करावं लागत नाही’ असं सांगून विकला जातो. मी चाळीस फुटांचं कुंपण केलं होतं त्याचं. पावसाळ्यात दर तिसऱ्या आठवड्याला कापावं लागायचं, नाही कापलं की झिंज्या सुटल्यासारखं, आणि कोवळी पानं कापली गेली की तो सोन्यासारखा पिवळाही गेला. पाच वर्षं माझे रविवार खाल्ले त्याने. कोलियस सुंदर असतो, पण तुमच्या यादीत नको. तुळशीच्याच कुळातला, खोड हातात फिरवून बघा, तिच्यासारखंच चौकोनी लागेल. आणि तुळशीसारखाच मंजिऱ्या धरायला लागला की खाली काष्ठ होतो आणि वर चार पानं. दरवर्षी शेंड्यांपासून नवा करावा लागतो. फारच मोह झाला तर दारात एक कुंडी, आणि मंजिरी दिसली की खुडायची.

आता ‘कमी देखभाल’ म्हणजे किती, ते साफ सांगते, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पत्र येईल. पहिलं वर्ष कमी नसतं. जूनमध्ये वाफा भरायला एक दिवसाचा गडी लावा, स्वतः करू नका. दिवाळीपर्यंत तण काढावं लागेल, कारण झाडांनी जमीन झाकलेली नसेल. तणावरचा इलाज तुमच्याकडे फुकटात आहे: उसाचं पाचट. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती आणून वाफ्यावर तीन बोटं जाड पसरा, फक्त खोडापासून हातभर नाही तरी तळहाताएवढं अंतर ठेवा, वाळवी आणि कूज दोन्ही टळतात. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात, तेही पाचटाने थांबतं. थंडीत चार-पाच दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात एकाआड एक दिवस, बोट मातीत घालून बघून. दुसऱ्या वर्षापासून वर्षातून दोनदा छाटणी, दोनदा शेणखताचं घमेलं.

आणि अधूनमधून पान उलटं करून बघायची सवय लावा. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं आणि खोडावरून मुंग्यांची रांग चालली असेल तर पिठ्या ढेकूण आहे. थोडा असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असेल तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, चार थेंब भांड्याचं लिक्विड, संध्याकाळी फवारा. उन्हाळ्यात क्रोटनची पानं निस्तेज, धुळकट दिसली तर लाल कोळी असतो. पाइपने पानांची मागची बाजू धुतली तरी बराच जातो.

राहिलं ते ‘ह्यां’चं. त्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला चिकटून घरात येतो, पाय घसरायची भीती असते, आणि तो चिखल पुसायला कोण असतं हे मला माहीत आहे. पण पश्चिमेचं पूर्ण अंगण फरशीने झाकलं तर मे महिन्यात दुपारची ती आग पुढच्या खोलीत येईल, रात्री नऊला फरशीवर अनवाणी उभं राहवणार नाही, आणि पावसाचं पाणी मुरायला जागा उरणार नाही. पुराचं पाणी पाहिलेल्या घराला हे मी काय सांगायचं.

तेव्हा फरशीवाल्याला परत बोलवा. त्याला सांगा, फाटकापासून दारापर्यंत आणि वाफ्याच्या कडेने, दोन फूट रुंदीची खडबडीत शहाबादी बसव, सांध्यात सिमेंट न भरता वाळू भर. तुमचा स्टूल त्यावर डगमगणार नाही, ‘ह्यां’चा चहाही तिथे होईल. फक्त काम मृगाआधी उरकून घ्या. आणि गडी शेवग्याखाली सिमेंट कालवणार नाहीत याकडे लक्ष ठेवा, तिथे तुमच्या काठ्या जायच्या आहेत.